फॉगर लावला, धुकं आलं, पण इंद्रधनुष्य उमटलं नाही

प्रश्न थोडक्यात असा: कला महाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी १० बाय ८ मीटरचा, साडेचार मीटर उंच हॉल मिळाला आहे. एका भागात अंधारात पाण्याच्या तुषारांवर इंद्रधनुष्य दाखवायचं आहे, दुसऱ्या भागात सगळे रंग नाहीसे करणारी पिवळी खोली करायची आहे. हाय-प्रेशर मिस्टिंगचा सेट भाड्याने आणला, मागच्या बाजूने आरजीबी एलईडी पार (स्टेजचा रंगीत दिवा) लावला. धुकं दाट आलं, रंग मात्र एकही दिसला नाही. मशीन बदलावं का?

मशीन बदलावं लागेलच, पण त्याहून मोठं यंत्र आणून काही होणार नाही. तुमच्या मांडणीत थेंबाचा आकार, दिव्याची जागा आणि दिव्याची जात अशा तिन्ही गोष्टी चुकल्या आहेत. यातली एकही चुकली तरी इंद्रधनुष्य मिळत नाही.

डॅनिश-आइसलँडिक कलाकार ओलाफुर एलियासन यांची १९९३ची ‘ब्यूटी’ ही अंधारात तुषारांवर इंद्रधनुष्य दाखवणारी मांडणी तुमच्या डोक्यात असणार. तिची सामग्री आश्चर्य वाटावं इतकी साधी आहे: एक स्पॉटलाइट, पाणी, नोझल, नळी आणि पंप. तिथे महागडं काहीच नाही, सगळा जीव मापांत आहे.

आधी थेंब. हाय-प्रेशर मिस्टिंग ७० बारच्या (हवेच्या साधारण सत्तरपट दाबाच्या) आसपास चालतं आणि १०–२० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब देतं. एवढ्या बारीक थेंबातही प्रकाश वळतो, आतून परावर्तित होतो, पण विवर्तनामुळे (बारीक गोष्टीवरून जाताना प्रकाश फाकतो, त्यामुळे) प्रत्येक रंगाचा पट्टा इतका रुंद पसरतो की सगळे रंग एकमेकांत मिसळून पांढरी कमान उरते. डोंगरात सकाळच्या धुक्यात कधी कधी दिसतं ते पांढरं धुकेरी धनुष्य हेच. साधारण ५० मायक्रॉनच्या खाली रंगाची आशाच सोडा. १०० मायक्रॉनला फिकट कमान येते, तिच्यातला तांबडा जवळपास गायब असतो. २०० ते ५०० मायक्रॉनला रंग भरू लागतात आणि अर्धा-एक मिलिमीटरच्या थेंबांना तांबडा खणखणीत येतो. पॉलिहाउसमधले चार तोंडांचे फॉगर ४ बारला शंभरेक मायक्रॉनवर असतात, म्हणजे सीमारेषेवर. ते लावून ‘थोडंसं दिसतंय’ एवढ्यावर बरेच जण थांबतात. थांबू नका.

त्यापेक्षा शेतीच्या दुकानात जा आणि तणनाशकासाठीचा फ्लॅट फॅन (पंख्यासारखा चपटा फवारा सोडणारा) नोझल मागा. तणनाशक शेजारच्या पिकावर उडू नये म्हणून हे नोझल मुद्दाम जाड थेंब पाडतात. आपल्याला तेच हवं आहे. रंगसंकेत आंतरराष्ट्रीय आहे: पिवळा म्हणजे ०२ मापाचा, ३ बारला मिनिटाला सुमारे ०.८ लिटर, निळा ०३ मापाचा, सुमारे १.२ लिटर. ११० अंशांत फवारा पसरवणारा पिवळा नोझल २ बारला चालवला तर मिनिटाला ०.६५ लिटर पाणी लागतं आणि थेंब दोन-अडीचशे मायक्रॉनचे पडतात. आणखी जाड हवे असतील तर दाब १ बारपर्यंत उतरवा. ‘एअर इंडक्शन’ लिहिलेला नोझल मात्र घेऊ नका. त्याचे थेंब जाड असतात खरे, पण त्यांत हवेचे बुडबुडे अडकलेले असतात आणि आतलं परावर्तन बिघडतं. नोझल कोरेच विकत घ्या. फवारणीला वापरलेला जुना, कितीही धुतलेला असला तरी, बंद खोलीत लोकांच्या तोंडासमोर लावायचा नाही.

नोझल घेतल्यावर हॉलमध्ये न जाता उन्हात जा. सूर्याकडे पाठ करा, स्वतःच्या डोक्याची सावली पाहा आणि तिच्याभोवती ४२ अंशांवर फवारा सोडा. हात पूर्ण लांब करून पंजा ताणला की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण २० अंश होतात, म्हणजे सावलीपासून दोन वितींवर. उन्हात रंग आले नाहीत तर कुठल्याही दिव्याने येणार नाहीत. ही चाचणी फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते.

आता कोन. इंद्रधनुष्य पडद्यावर ‘टाकता’ येत नाही. दिवा, थेंब आणि डोळा यांच्यात थेंबाच्या ठिकाणी ४२ अंशांचा कोन झाला की त्या थेंबाकडून त्या डोळ्याला तांबडा मिळतो. जांभळ्यासाठी तो साडेचाळीसच्या जवळ येतो. म्हणून दिवा प्रेक्षकाच्या बाजूलाच असला पाहिजे. तुमचा पार तुषारांच्या मागे होता. मागून प्रकाश दिला की धुकं झगझगीत दिसतं आणि फोटो छान येतात, पण त्या दिशेला इंद्रधनुष्य नसतंच.

तुमच्या हॉलची मापं घेऊ. दिव्याची उंची ४ मीटर आणि उभ्या प्रेक्षकाचा डोळा सरासरी १.५ मीटरवर धरा. डोळ्याच्या उंचीवरच कमान यावी असं वाटत असेल तर दिवा त्या थेंबापासून २.५ मीटर वर हवा. २.५ भागिले ४२ अंशांचा टॅन (०.९०) म्हणजे २.७८ मीटर. एवढ्या अंतरावर, तुषारांच्या पडद्यापासून प्रेक्षकांच्या बाजूला, छताखाली दिवा टांगा. या मांडणीची गंमत अशी की डोळा १.५ मीटरवर असेल तर माणूस पडद्यापासून दोन मीटरवर उभा असो की चार, त्याला कमानीचा माथा त्याच उंचीवर दिसतो. डोळ्याची उंची बदलली की चित्र पालटतं. १.७ मीटरवर डोळे असलेल्या उंच माणसाला दोन मीटरवरून कमान सुमारे १.८५ मीटरवर दिसेल. १.१ मीटरवर डोळे असलेल्या मुलाला किंवा व्हीलचेअरवरच्या व्यक्तीला ती ०.८७ मीटरवर दिसेल. तेच मूल मागे सरकून पडद्यापासून चार मीटरवर गेलं तर जमिनीपासून जेमतेम एक फुटावर. डोळ्यात दोन फुटांचा फरक आणि कमानीत मीटरभराचा! म्हणून तुषारांचा पडदा जमिनीपर्यंत अखंड उतरला पाहिजे आणि वर किमान अडीच मीटरपर्यंत पोचला पाहिजे. ‘पाणी वाचवू’ म्हणून पडदा डोळ्याच्या पट्ट्यापुरता ठेवला की मुलांना काहीच दिसत नाही.

हे सगळं कागदावर सोडवत बसायचं नसेल तर प्लायवूडचा ४२ अंशांचा मोठा त्रिकोण कापून घ्या. टोक पडद्याच्या जागी धरा, एक बाजू दिव्याकडे आणि दुसरी डोळ्याकडे. दोऱ्या ताणून पाहा. वेगवेगळ्या उंचीच्या चार जणांना उभं करून एका दुपारात पूर्ण खोली मोजून होते. दुसरं, बाहेरचं धनुष्य ५१ अंशांच्या आसपास येतं, म्हणजे वरच्या मापांत दोन मीटरवरून साधारण ५५–६० सेंटिमीटर वर, आणि त्याचे रंग उलटे असतात. ते फिकं असतं, पण पार्श्वभूमी खरोखर काळी असेल तर दिसतं. दोन्हींच्या मधला काळसर पट्टा दिसू लागला की मांडणी नीट बसली असं समजा.

दोरी किंवा कठडा पडद्यापासून दीड मीटरवर लावा. त्याहून पुढे आलेल्या माणसाचं डोकं खालच्या थेंबांकडे जाणाऱ्या प्रकाशात येतं आणि सगळ्यांसमोर त्याची सावली पडते.

तिसरी गोष्ट दिवा. बहुतेक मांडण्या फसतात त्या इथे, कारण दिव्याच्या दोन वेगळ्या गुणांची गल्लत होते. एक त्याचा वर्णपट. आरजीबी एलईडीच्या प्रकाशात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन सुटे पट्टे असतात, त्यामुळे धनुष्यही तीन सुट्या रेघांचं येतं. मधला पिवळा-नारिंगी नसतोच. पांढऱ्या एलईडीत निळा आणि हिरवा यांच्या मध्ये खळगा असतो. हॅलोजनचा वर्णपट अखंड असतो. तो जरा पिवळट आहे आणि जांभळ्यात कमी पडतो, तरी पहिली पसंती त्यालाच.

दुसरा गुण म्हणजे दिवा थेंबाच्या जागेवरून किती मोठा दिसतो. थेंबावरून पाहिलं तर सूर्य आकाशात अर्ध्या अंशाचा आहे. धनुष्याची रुंदी पावणेदोन अंशांच्या जवळपास. आता वरच्या मांडणीत दिवा पडद्यापासून तिरकस अंतराने ३.७ मीटरवर आहे. १५ सेंटिमीटर भिंगाचा फ्रेनेल (मऊ कडेचा झोत टाकणारा स्टेजचा दिवा) तिथून सव्वादोन अंशांचा दिसतो, धनुष्यापेक्षाही रुंद! दिव्याच्या प्रत्येक बिंदूचं आपलं स्वतंत्र धनुष्य सरकून दुसऱ्यावर पडतं आणि सगळं धुरकट पांढरं होतं. अर्ध्या अंशासाठी इथे तोंड ३५ मिलिमीटरचं हवं. प्रोफाइल स्पॉटच्या (धारदार कडेचा झोत टाकणाऱ्या स्टेजच्या दिव्याच्या) भिंगापुढे पत्र्याला ३५ मिमीचं भोक पाडून लावता येतं (पुठ्ठा नको, जळेल), पण १५ सेंटिमीटरच्या भिंगातला ९४–९५ टक्के प्रकाश पत्र्यावरच अडतो.

यावर उत्तम तोड म्हणजे जुना स्लाइड प्रोजेक्टर. त्यात २४ व्होल्ट २५० वॉटचा हॅलोजन असतो आणि ८५ मिमी, एफ २.८च्या भिंगाचं तोंड ३० मिमीचं असतं. म्हणजे सूर्याइतकाच ‘बारीक’ आणि तरी तेजस्वी स्रोत. जुन्या बाजारात, महाविद्यालयाच्या स्टोअरमध्ये, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत हे प्रोजेक्टर धूळ खात पडलेले असतात. स्लाइडच्या जागी पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा कापून आयताकृती खिडकी करा, म्हणजे प्रकाश फक्त पडद्यावरच पडेल, भिंतींवर सांडणार नाही. पंख्याचा आवाज येतो. तो दाबण्यासाठी प्रोजेक्टर खोक्यात कोंडू नका. हवा अडली की बल्ब आणि स्लाइडजवळची उष्णतारोधक काच दोन्ही जातात. बल्बचं आयुष्य मुळातच कमी, तेव्हा पूर्ण प्रदर्शनाला पुरतील इतके आधीच घेऊन ठेवा. बल्ब बदलताना काचेला बोट लावू नका.

नेहमीचा डिजिटल प्रोजेक्टर चालेल का, असा पुढचा प्रश्न येतो. चालतो, पण बऱ्याच जुन्या प्रोजेक्टरांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो आणि त्याच्या सुट्या तेजस्वी रेघा धनुष्यात पट्टे पाडतात. घाईत पर्याय म्हणून ठीक.

आता पाणी. तीन मीटर रुंद पडद्यासाठी २.८ मीटर उंचीवर २५ मिमीचा काळा रंगवलेला पाइप, त्यावर ५० सेंटिमीटरवर एक असे सहा नोझल, तोंडं खाली. प्रत्येक नोझल पाइपच्या रेषेपासून ५–१० अंश फिरवा. सगळे एका रेषेत ठेवले तर शेजारच्या फवाऱ्यांच्या कडा एकमेकांवर आपटतात, तिथे जाड धारा पडतात आणि धनुष्यात उभ्या काळ्या फटी दिसतात. सहा नोझलना २ बारला मिनिटाला ३.९ लिटर लागतात, तासाला २३५ लिटरच्या आसपास. आठ तासांना जवळजवळ १,९०० लिटर होतात. फेकून देण्याजोगं प्रमाण नाही, म्हणून पाणी फिरवावं लागतं.

पंप अर्ध्या हॉर्सपॉवरचा घरगुती प्रेशर बूस्टर पुरतो. तो खोलीच्या बाहेर, ओल्यापासून दूर ठेवा. बॅटरी फवारणी पंपातला १२ व्होल्टचा डायफ्राम पंप विजेच्या दृष्टीने सुरक्षित वाटतो, पण त्याला प्रेशर स्विच असतो. दाब भरला की बंद, उतरला की सुरू, त्यामुळे तुषार दर दोन-तीन सेकंदांनी धापा टाकल्यासारखे वाढतात आणि ओसरतात. तोच वापरायचा झाला तर दोन लावा आणि बायपासने थोडं पाणी सतत टाकीत परत सोडा, म्हणजे स्विच पडणार नाही. बूस्टरलाही बायपास हवाच, दाब २ बारवर आणायला. दाबमापक पाइपच्या शेवटच्या टोकाला बसवा, पंपाजवळ नको. पंपाजवळ २ दिसतात, वर टोकाला दीडच असतात.

पंपानंतर १२० मेशचा, म्हणजे १३० मायक्रॉनचा, ठिबकला लावतात तो डिस्क फिल्टर. नोझलच्या आत ५० मेशची जाळी असतेच. शक्यतो थेंबगळती रोखणाऱ्या डायफ्रामवाल्या नोझल-टोप्या घ्या. पंप बंद झाल्यावर पाइपमधलं पाणी अर्धा तास टिपटिपत राहत नाही. बोअरचं जड पाणी असेल तर चार-पाच दिवसांत नोझलच्या फटीवर क्षार धरतात आणि फवाऱ्याचा पंखा एका बाजूला फाटतो. नोझल काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात (लिटरला ५० ग्रॅम) तासभर बुडवा. सुईने किंवा तारेने कोरू नका. फट एकदा ओरखडली की तो नोझल गेला.

खाली तळं: तीन मीटर लांब पाइपसाठी किमान ३.६ बाय १.५ मीटर, शेततळ्याचा काळा कागद, कडेने १० सेंटिमीटरची चौकट आणि एका कोपऱ्याकडे उतार. तळ्यावर १० सेंटिमीटर वर काळं शेडनेट ताणा. पाणी आधी जाळीवर फुटतं, मग खाली जातं. उडणं आणि आवाज दोन्ही निम्म्याहून कमी होतात. नोझल आपल्यासोबत बरीच हवा खाली ओढतात आणि ती जमिनीवर पसरून प्रेक्षकांच्या पायांकडे येते. त्यामुळे कठड्यापर्यंतची फरशी ओलसर होणारच. तिथे खाली भोकं असलेली रबरी चटई हवी. सतरंजी टाकलीत तर दुसऱ्या दिवशी कुबट वास येईल.

जंतूंबद्दल थोडं कडक बोलतो. फिरवलेलं, कोमट, तुषार होऊन हवेत जाणारं पाणी म्हणजे लेजिओनेला या न्यूमोनियाच्या जंतूला आमंत्रण. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलमधल्या अधिवेशनातून हा न्यूमोनिया पहिल्यांदा ओळखला गेला. तो जंतू २० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये वाढतो आणि आपल्याकडच्या टाकीतलं पाणी वर्षातले बहुतेक दिवस त्याच पट्ट्यात असतं. जाड थेंब लगेच खाली पडतात, हा आपल्या मांडणीचा फायदा. तरी त्यांच्याबरोबर बारीक थेंबही सुटतातच. म्हणून पिण्याच्या पाण्यानेच भरा, रोज रात्री टाकी, पाइप आणि तळं पूर्ण रिकामं करा, वाटेत यूव्ही दिवा बसवा आणि सकाळी क्लोरीनच्या पट्टीने तपासून मगच सुरू करा. दोन दिवस सुट्टी असेल तर पाइपात पाणी उभं ठेवायचं नाही. अल्ट्रासॉनिक फॉगर मला या कामात अजिबात पसंत नाहीत: त्यांचे तीन-पाच मायक्रॉनचे थेंब थेट फुप्फुसात जातात, पाण्यातले क्षार पांढरी भुकटी होऊन सगळीकडे बसतात, आणि एवढं करून रंग नाहीतच.

हवा आणि ओल यांचा हिशेब बहुधा कुणी करत नाही. तुमचा इंद्रधनुष्याचा भाग ६ बाय ८ बाय साडेचार मीटर धरला तर २१६ घनमीटर. ३० अंशांना हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम वाफ प्रति घनमीटर मावते. ५० टक्के आर्द्रता ९० टक्क्यांवर न्यायला घनमीटरला १२ ग्रॅम, म्हणजे संपूर्ण खोलीला फक्त अडीच लिटर पाण्याची वाफ पुरते. दारं बंद ठेवलीत तर काही तासांत भिंती घामेजतील, प्रोजेक्टरच्या भिंगावर दव बसेल, आणि तेव्हा सगळे दिवा बिघडला म्हणतील. तासाला सहा वेळा हवा बदलेल असा, साधारण १,३०० घनमीटर प्रति तासाचा एक्झॉस्ट पडद्याच्या मागे लावा. कोकणात पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असते, तिथे एक्झॉस्टने भागत नाही. त्या महिन्यांत ही मांडणी करू नये असंच सांगेन. एसीचा झोत पडद्यावर येत असेल तर तो वळवा किंवा बंद करा: पाव मिलिमीटरचा थेंब शांत हवेत सेकंदाला मीटरभर पडतो आणि एसीचा वारा त्याहून जोरात असतो, त्यामुळे पडदा अक्षरशः वाहून जातो.

वीज: ३० मिलिअँपियरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, पडद्यापासून तीन मीटरच्या आत २३० व्होल्टचं काहीही हाताला लागेल असं नको. दिवा छताला दोन स्वतंत्र आधारांनी, म्हणजे क्लॅम्प आणि पोलादी सेफ्टी वायरने बांधलेला हवा.

पडद्यामागे किमान एक मीटर जागा सोडून मॅट काळी पार्श्वभूमी ठेवा. सुती काळं कापड ओलं झालं की चमकतं. रंगवलेला प्लाय बरा. आत येणाऱ्या वाटेला झेडसारखी दोन वळणं द्या, १.२ मीटर रुंद, काळी. डोळ्यातल्या, रंग ओळखणाऱ्या शंकुपेशींना अंधाराला सरावायला सात-दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ रांग थांबत नाही. पण दोन-तीन मिनिटांत पुरेसं दिसू लागतं. उन्हातून थेट आत सोडलेले लोक ‘काहीच नाही’ म्हणून परत जातात, याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

खोलीत उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सांगून ठेवा: बोट दाखवून ‘ते बघा तिथे’ म्हणायचं नाही. दोन शेजाऱ्यांना दिसणारं धनुष्य वेगवेगळ्या थेंबांतून येतं. एका माणसाच्या दोन डोळ्यांनाही ते एकाच जागी दिसत नाही. एक डोळा मिटून पाहिलं की कमान किंचित सरकते. ‘खाली बसा, परत उभे राहा, दोन पावलं डावीकडे या’ एवढंच सांगावं. मांडणीचा अर्थ लोकांच्या अंगाला तिथेच कळतो, शेजारी लावलेल्या मजकुराने नाही. फोनने फोटो येतो, मात्र लेन्सवर पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित प्रकाश सोडणारी काच) असेल आणि तो विशिष्ट कोनात फिरला असेल तर धनुष्य जवळजवळ पुसलं जातं. त्याचा प्रकाश बराचसा ध्रुवित असतो. हे मुद्दाम दाखवण्यासारखं आहे. पोलरायझरच्या फिल्मचा तुकडा कठड्याला बांधून ठेवा.

आता पिवळी खोली. एलियासन यांची १९९७ची ‘रूम फॉर वन कलर’ आणि २००३-०४ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नच्या टर्बाइन हॉलमधली ‘वेदर प्रोजेक्ट’ यांत जवळजवळ एकाच तरंगलांबीचे, म्हणजे एकाच रंगाचे दिवे होते. ‘वेदर प्रोजेक्ट’मध्ये तर सुमारे दोनशे दिव्यांचं अर्धं बिंब आणि छताला आरसा, म्हणजे अर्धं खरं आणि अर्धं प्रतिबिंब मिळून पूर्ण सूर्य. असा प्रकाश लो-प्रेशर सोडियम दिवा देतो: ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या दोनच रेघा. हे दिवे बनणं आता थांबलं आहे. जुने रस्त्यावरचे पिवळे दिवे म्हणून जे मिळतात ते बहुतेक हाय-प्रेशर सोडियम असतात; त्यांचा वर्णपट पसरट आहे, तांबडा आणि हिरवा पुसट का होईना दिसतच राहतात.

तेव्हा ५९० नॅनोमीटरचे अंबर (नारिंगीकडे झुकणारे पिवळे) एलईडी घ्या. दोन सापळे आहेत. पहिला, आरजीबी पट्टीवर तांबडा आणि हिरवा मिसळून केलेला पिवळा. पांढऱ्या भिंतीवर तो तंतोतंत तसाच दिसतो, कारण डोळ्याच्या शंकुपेशींना दोन्हींत फरकच कळत नाही. पण खोलीत तांबडा शर्ट तांबडाच राहतो आणि पान हिरवंच. दुसरा, फॉस्फरवाला अंबर, म्हणजे वरच्या लेपामुळे पिवळा होणारा एलईडी, ज्याचा पट्टा खूप रुंद असतो. दुकानदाराला विचारून उपयोग नाही, जुनी सीडी घेऊन जा. दिवा काळ्या कागदाच्या बारीक चिरेतून पाहा आणि त्याचं प्रतिबिंब सीडीवर तिरपं धरा. एकच बारीक रेघ दिसली तर माल बरोबर. तांबडी आणि हिरवी अशा दोन दिसल्या तर आरजीबी. रुंद फराटा दिसला तर फॉस्फर.

दुसरी चाचणी घरातली. ताटात हळद, कुंकू, पांढरी रांगोळी आणि कपड्यांची नीळ ठेवा. योग्य प्रकाशात हळद आणि रांगोळी ओळखता येत नाहीत, दोन्ही सारख्याच उजळ. कुंकू काळपट तपकिरी आणि नीळ काळी. कुंकवाची लाली टिकून असेल तर कुठून तरी दुसरा प्रकाश शिरतो आहे. बहुतेकदा तो दाराच्या फटीतला असतो, किंवा हिरव्या ‘बाहेर’ पाटीचा. ती पाटी झाकायची नाही, ती सुरक्षेची आहे. फक्त लोक आत येताना पाठीमागे राहील अशी जागा निवडा.

५ बाय ४ मीटरच्या खोलीत ३०० लक्ससाठी (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन, ल्युमेन हे प्रकाशाचं माप) जमिनीवर ६,००० ल्युमेन पोचले पाहिजेत. शोषण आणि पसरणं धरून दिव्यांतून दुप्पट, म्हणजे १२,००० काढावे लागतात. मोठ्या पॉवर एलईडीतून गरम झाल्यावर ८०–९० ल्युमेन मिळाले तरी १३०–१५० नग लागतील. अंबर एलईडी तापला की प्रकाश झपाट्याने उतरतो, इतर रंगांपेक्षा फार जास्त. उद्घाटनाला झळाळणारी खोली संध्याकाळी मलूल वाटते ती यामुळे. जाड ॲल्युमिनियम पट्टीवर बसवा आणि पूर्ण करंटच्या दोन-तृतीयांशावर चालवा. भिंती मॅट पांढऱ्या. आत रंगीत वस्तू मांडून ठेवायची गरज नाही, येणाऱ्यांचे कपडे आणि चेहरे पुरेसे आहेत. कुणी फोन उघडला की त्याचा पडदा एकदम भडक रंगीत दिसतो. काही जण याला व्यत्यय समजतात, मला ते खोलीतलं सर्वांत चांगलं प्रात्यक्षिक वाटतं.

खोल्यांचा क्रम: आधी इंद्रधनुष्य, मग मंद ते उजळ होत जाणारी छोटी वाट, मग पिवळी खोली, आणि बाहेर साध्या पांढऱ्या प्रकाशाचा ४,००० केल्विनचा पट्टा. क्रम उलटा केला तर पिवळ्याला सरावलेले, उजेडाने दिपलेले डोळे घेऊन लोक अंधारात येतात आणि धनुष्य फिकं वाटतं. पिवळ्यातून पांढऱ्यात आल्यावर काही क्षण सगळं निळसर दिसतं. तिथे पांढरी भिंत मोकळी ठेवा, पोस्टर लावू नका.

हातात असलेल्या मिस्टिंग सेटचं काय? बारीक धुक्याने भरलेली, एकसारख्या प्रकाशाची तिसरी खोली करता येते, जिथे अंतर आणि कडा कळेनाशा होतात. तुमच्या हॉलमध्ये मी ती टाळेन. समोर रिकामी पोकळी आहे की भिंत हे कळेनासं झालं की माणसं टेकायला जातात: १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये अमेरिकन कलाकार जेम्स टरेल यांच्या प्रकाशाच्या ‘भिंती’वर टेकायला गेलेले लोक पडले आणि प्रकरण कोर्टात गेलं. शिवाय दाट धुक्याने धूरशोधक वाजतात, ते बंद ठेवायला अग्निशमन अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि सतत माणूस लागतो. सेट परत करा. मोकळ्या अंगणात करायचं असेल तर गोष्ट वेगळी. जपानी कलाकार फुजिको नाकाया यांनी १९७०च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात पेप्सीच्या मंडपावर शुद्ध पाण्याच्या धुक्याचं पहिलं शिल्प केलं ते उघड्यावरच.

सहाही नोझल, पंप आणि तळं एकदम विकत घेऊ नका. एक पिवळा नोझल, नळाला जोडायची नळी, स्लाइड प्रोजेक्टर, खाली घमेलं आणि मागे काळं कापड एवढ्यावर रात्री अंगणात किंवा बाथरूमबाहेरच्या बोळात कमानीचा हातभर तुकडा दिसलाच पाहिजे. दिसला नाही तर आधी प्रोजेक्टर दहा-दहा सेंटिमीटरने वर-खाली करा, मग दाब उतरवा, आणि तरीही पांढरंच दिसत असेल तर भिंगाचं तोंड मोजा.